लसीची माहिती मराठीतही द्यावी

महोदय,

नव्या फ्लूच्या बातम्या येऊ लागल्यापासून खानापूर, निपाणी, बेळगाव भागात काळजी पसरली आहे आणि ती अनाठायी नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे आपण कसे धास्तावून पाहत होतो, हे अनेकांना आठवत असेल. मात्र आज काळजीपेक्षा गैरसमज अधिक वेगाने फिरत आहेत. लस घेतल्यानेच फ्लू होतो, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. वास्तविक टोचल्या जाणाऱ्या लसीतील विषाणू निष्क्रिय केलेला असतो, त्यामुळे फार तर दंड दुखतो किंवा एक-दोन दिवस कणकण येते. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून शेजारी आजारी पडल्यावर धावाधाव करण्यात फारसा अर्थ नसतो. विषाणू अगदीच वेगळा असेल तर जुनी लस तोकडी पडते, हेही लोकांना प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

पण सांगायचे कोणत्या भाषेत? आमच्या गावच्या आरोग्य केंद्रातील फलक केवळ कन्नडमध्ये आहे आणि माझ्या वृद्ध आईला तो वाचता आला नाही. येथे सीमावाद उकरून काढायचा नाही (तो आपल्याकडे तसाही शिळा होत नाही). ज्या बेळगावात देवीची लस तयार होत असे आणि ‘व्हॅक्सिन डेपो’ हे नाव आजही टिळकवाडीत रुळलेले आहे, तेथे लसीकरणाची पत्रके कन्नडबरोबर मराठीतही छापावीत, एवढीच प्रशासनाला विनंती आहे.

– एक वाचक, खानापूर तालुका