विकतची स्किन आणि स्वतः बेतलेली स्किन

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या भागातील एका शाळेच्या पालकसभेत माझ्या मुलीची वही सर्वांसमोर उघडून दाखवण्यात आली. वहीत चौकटी आखून आणि रंगीत पेन्सिलीने एकेक चौकट भरून लुगडे नेसलेल्या एका म्हाताऱ्या बाईचे चित्र काढलेले होते. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि डोक्यावरूनही. 'नववीतल्या मुली तासाला गेमची चित्रे काढत बसतात, घरी लक्ष द्या,' असे सांगून ती वही माझ्या हातात देण्यात आली. गणिताच्या तासाला चित्र काढणे चूकच होते आणि तसे मी तिला घरी स्पष्ट सांगितले. परंतु त्यानंतर सभेत जी चर्चा झाली तिच्यात मोबाइलवर तासन्‌तास खेळणे, पैसे लावून खेळणे, खेळातील पात्राचे कपडे विकत घेणे आणि तेच कपडे स्वतः तयार करणे या चारही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या. त्यांतील चौथी गोष्ट बाकीच्या तिन्हींपेक्षा अगदी वेगळी आहे. सभेत मला ते नीट मांडता आले नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्रातून मांडण्याची परवानगी घेत आहे.

मी पारोळ्यात बायकांचे कपडे शिवते. संगणकाशी माझा संबंध गिऱ्हाइकांची मापे लिहून ठेवण्यापुरता होता. मुलगी 'माइनक्राफ्ट' हा खेळ खेळते, हे मला दोन वर्षांपूर्वी कळले तेव्हा मीही इतर पालकांप्रमाणे रागावलेच होते. हा खेळ मूळचा स्वीडनमधला. २००९ मध्ये तो प्रथम लोकांसमोर आला आणि २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात ठोकळ्यांच्या जगात ठोकळ्यांचीच माणसे वावरतात आणि आपल्या पात्राच्या अंगावर जे रंगकाम असते त्याला 'स्किन' म्हणतात. एके रात्री मुलगी संगणकावर एका सपाट चौकोनात हात, पाय, पाठ, पोट असे तुकडे वेगवेगळे मांडून रंगवत होती. तो चौकोन पाहताच मी शेजारी खुर्ची ओढून बसले, कारण ते माझ्या रोजच्या कामापेक्षा निराळे नव्हते. कापड बेतताना आम्ही अंगाचे असेच तुकडे करतो. पुढचा भाग, मागचा भाग आणि बाही सपाट कापडावर मांडायची आणि ते सारे जोडल्यावर अंगावर कसे बसेल हे कात्री लावण्याआधीच डोळ्यांसमोर आणायचे. तेव्हापासून आम्ही दोघी मिळून स्किन करतो आणि आता तो माझाही छंद झाला आहे.

हे काम किती नेमके असते याची कल्पना वाचकांना यावी म्हणून थोडा तपशील देते. संपूर्ण स्किन म्हणजे ६४ चौकटी रुंद आणि ६४ चौकटी उंच असे एकच चित्र. डोके सहाही बाजूंनी ८ बाय ८ चे, धड समोरून ८ चौकटी रुंद व १२ उंच, हात आणि पाय प्रत्येकी ४ रुंद व १२ उंच. सहा अवयवांच्या सहा-सहा बाजू मिळून ३६ तुकडे होतात आणि त्यांत सगळ्या मिळून १६३२ चौकटी असतात. एवढ्याच चौकटींत माणसाचे वय, बांधा, कपडा आणि स्वभाव आणायचा असतो. धडाच्या पुढच्या तुकड्यावरचा काठ बाजूच्या तुकड्यावर त्याच उंचीला निघाला पाहिजे, नाहीतर पात्र वळताच काठ तुटलेला दिसतो. चौकड्याच्या कापडाचा ब्लाऊज शिवताना शिवणीवर रेघा जुळवाव्या लागतात, ते कौशल्य इथे जसेच्या तसे उपयोगी पडते. आमच्या लहानपणी बायका मॅटीच्या कापडावर घरे मोजून क्रॉस स्टिचचे पोपट आणि तोरणे भरत. त्याला कोणी वेळेचा अपव्यय म्हटले नाही. उलट ते भरतकाम दर्शनी भिंतीवर लागत असे.

पालकसभेत दाखवली गेलेली म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा चेहरा रंगवताना पहिली अडचण कुंकवाची आली. चेहरा ८ चौकटींचा, म्हणजे सम आकड्याचा, त्यामुळे कपाळाला बरोबर मधली अशी चौकटच नसते. एका चौकटीचे कुंकू काढले तर ते एका बाजूला सरकलेले दिसते. मुलीने मग शेजारच्या दोन चौकटी भरून आडवे, ठसठशीत कुंकू काढले आणि चेहरा एकदम ओळखीचा झाला, कारण सासूबाई तसेच मोठे कुंकू लावतात. नथ एकाच चौकटीची, डाव्या बाजूला. डोळ्यांखाली त्वचेच्या रंगाहून एकच छटा गडद असलेल्या दोन चौकटी दिल्या, तेवढ्याने साठीपुढचे वय आले. लुगडे हिरवे आहे, पण एकच हिरवा रंग भरला तर ते कापड न वाटता पत्रा वाटतो, म्हणून त्या एका हिरव्याच्या चार छटा कराव्या लागल्या; चुणीच्या आत गडद, उंचवट्यावर फिकी.

दुसरी गोष्ट मला शिंपीण म्हणून फार विलक्षण वाटली. आम्ही प्रथम सहावारी साडी करून पाहिली होती. पात्र उभे असताना ती ठीक दिसे, पण चालू लागले की दोन्ही पाय वेगवेगळे पुढेमागे होतात आणि निऱ्या मधोमध फाटून दोन तुकडे होतात. नऊवारीचे तसे होत नाही. कासोटा घातला की लुगडे मुळातच दोन पायांत वाटले गेलेले असते, त्यामुळे पात्र धावले, उडी मारली, तरी वस्त्र वस्त्रासारखेच राहते. हेच धोतराचे. शेतात राबणाऱ्या बायांनी कासोटा का धरला असेल, हे मला इतकी वर्षे शिवण करून जेवढे जाणवले नव्हते तेवढे त्या ठोकळ्यांच्या बाहुलीने दाखवून दिले. संगणकावर ती बाहुली चालताना पाहून सासूबाईंनी चष्मा पुसला आणि 'हाई तं मी शे!' असे म्हणून त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

पदराचाही असाच प्रश्न होता. सप्टेंबर २०१४ पूर्वी या खेळातील स्किन ६४ बाय ३२ चौकटींची असे आणि डावा हात म्हणजे उजव्या हाताचेच उलटे प्रतिबिंब असे. म्हणजे डाव्या दंडावर पदर रंगवला की तो उजव्या दंडावरही उमटणार. त्या महिन्यात आलेल्या नव्या आवृत्तीपासून डावा हात आणि डावा पाय स्वतंत्रपणे रंगवता येऊ लागला आणि पूर्वी फक्त डोक्यापुरता असलेला वरचा थर सगळ्या अंगाला मिळाला. या वरच्या थरावर पदर, उपरणे, टोपी असे काढले की ते अंगापासून किंचित उचललेले दिसते. त्यातल्या न रंगवलेल्या चौकटी मात्र पूर्ण पारदर्शक राहिल्या पाहिजेत. आमच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर पहिली स्किन आम्ही 'पेंट'मध्ये जतन केली, तेव्हा त्या पारदर्शक जागा पांढऱ्या झाल्या आणि आठवडाभराचे काम पांढऱ्या खोक्यात झाकले गेले. मुलगी त्या रात्री जेवली नाही. नंतर 'गिंप' हा विनामूल्य प्रोग्राम घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

आता पैशांविषयी, कारण सभेत सर्वाधिक राग त्याचाच होता आणि तो राग रास्त आहे. मोबाइलवरच्या नेमबाजीच्या कितीतरी खेळांत पात्राचे कपडे विकायला ठेवलेले असतात आणि मुले त्यांनाही स्किनच म्हणतात. आमच्या गल्लीतील एका मुलाने वडिलांच्या फोनवरून अशा कपड्यांवर इतके पैसे घालवले की त्या महिन्याचा किराणा उधारीवर आणावा लागला. त्या घरावर काय गुदरले ते मी पाहिले आहे. मात्र त्या मुलाने रुपये देऊन दुसऱ्याने केलेली वस्तू घेतली. एक रेघही स्वतः ओढली नाही, कारण त्या खेळात ती सोयच नव्हती. माइनक्राफ्ट एकदा विकत घ्यावा लागतो हे खरे, परंतु त्यानंतर स्वतः केलेली स्किन त्यात चढवायला एक पैसाही लागत नाही. शब्द एकच असल्यामुळे घोटाळा होतो आहे. तयार कपड्यांच्या दुकानात पैसे उधळणारा आणि मशिनवर बसून शिवायला शिकणारा या दोघांना आपण एकाच मापाने मोजत नाही, तर इथे तरी का मोजावे?

काय करू नये, हेही याच छंदात शिकावे लागते. श्रावणात आमच्याकडे घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा मुलीच्या मनात कानबाईची स्किन करण्याचे आले. नारळाला चढवलेली नथ, दागिने आणि वस्त्र ही सजावट रंगवायला कुणालाही मोह पडावा अशीच आहे. पण खेळातले पात्र मार खाते, पडते, मरते, आणि ज्या मूर्तीपुढे आपण रोट ठेवतो तिला त्या ठिकाणी नेणे मला पटले नाही. मुलीलाही ते पटले. कानबाईऐवजी आम्ही त्या दिवशी नटून आलेली घरातली काकू केली. सातपुड्यातील होळीच्या वेळी पावरा आणि भिल्ल तरुण मोरपिसांचा टोप घालतात, कमरेला मोठाले घुंगरू आणि वाळके भोपळे बांधतात, अंगावर पांढरे ठिपके देतात. तो वेश करण्याची मुलीची फार इच्छा होती. मी तिला तिच्या वर्गातल्या धडगावकडच्या मैत्रिणीला आधी विचारायला सांगितले. त्या मुलीने सांगितले की तो वेश गंमत म्हणून घातला जात नाही, नवस आणि पाळणूक असते, ते दिवस कडक पाळतात. मग दोघींनी मिळून होळीला आलेल्या साध्या मुलीचा पोशाख आणि चांदीचे दागिने केले. टोपाचे एरवीही जमले नसते, कारण स्किनने रंग बदलतो, अंगाचा आकार बदलत नाही. डोक्यावर हातभर उंच मोरपिसे उभी करता येत नाहीत.

डिसेंबर २०२२ मध्ये या खेळात सात नवी पात्रे आली आणि सुरुवातीला मिळणाऱ्या पात्रांची संख्या नऊ झाली. जगातल्या वेगवेगळ्या चेहऱ्यामोहऱ्यांची मुले त्यांत स्वतःला शोधू शकतील असा तो चांगला प्रयत्न आहे. तरी लुगडे नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली, अहिराणी बोलणारी म्हातारी स्वीडनमधून कोणी पाठवणार नाही. ती इथेच, आसोद्याच्या बहिणाबाईंच्या मुलखातच केली गेली पाहिजे, आणि ज्या मुलांनी तिला चुलीपाशी बसलेली पाहिली आहे तीच मुले ती करू शकतात. चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलावर मांडलेल्या घरगुती वस्तूंतून खऱ्यासारखी दृश्ये उभी करून त्यांची छायाचित्रे काढली. हाताशी आहे त्यातून नवे काही करण्याची ती दृष्टी आपल्या खानदेशात उपरी नाही.

पालकांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. स्किन हे फक्त एक चित्र असते. ते घेण्यासाठी एखादे संकेतस्थळ कोणताही प्रोग्राम उतरवून चालवायला सांगत असेल, तर तिथून तत्काळ बाहेर पडावे. आम्ही एकदा त्याला फसलो आणि दुकानातील संगणक पूर्ण पुसून घ्यावा लागला. दुसरे, मुलांचे खाते आपल्या देखरेखीखाली उघडावे आणि अनोळखी लोकांशी गप्पा बंद ठेवाव्यात. वेळेची मर्यादा तर हवीच. आमच्याकडे रात्री जेवणानंतर एक तास, परीक्षेच्या महिन्यात तोही नाही.

शाळांना माझी विनंती आहे की संगणकाची जी खोली बहुतेक दिवस कुलूपबंद असते, ती शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर उघडावी आणि चित्रकलेच्या शिक्षकांनी तिथे बसावे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना संकल्पचित्र, रंगसंगती आणि छायाप्रकाश शिकवावाच लागतो. तोच अभ्यास इथे मुले आपण होऊन करतात. खेळ चालू करण्याचीही गरज नाही, चित्र काढण्याचे विनामूल्य प्रोग्राम पुरेसे आहेत.

आणि ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी आपल्याला एक विनंती. आपल्या वृत्तपत्राच्या मुलांच्या पानावर शब्दकोड्याशेजारी अधूनमधून एक कोरी जाळी छापावी: चेहऱ्याची ८ बाय ८, धडाची ८ बाय १२ आणि हातापायांच्या चार ४ बाय १२. मुलांनी घरातले एक माणूस त्यात पेन्सिलीने भरावे. माझ्या मुलीने वहीत नेमके हेच केले होते, आणि त्याला आलेखाच्या कागदाहून महाग असे काहीच लागत नाही. अशी जाळी आखून देण्याचे काम मी करीन. शनिवारी दुपारी माझे दुकान बंद असते. पारोळ्यातील कोणत्याही शाळेने बोलावले तर मुलांना काठ कसा जुळवायचा हे दाखवायला मी माझ्या मुलीसह येईन.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक,
पारोळा, जि. जळगाव