हवा बाहेर सोडायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा फुप्फुसांच्या पुनर्वसनाचा वर्ग संपला त्या दिवशी घाईघाईत 'थँक यू' म्हणून निघालो. नेमके कशाबद्दल, हे तेव्हा मला धड सांगता आले नसते. आता येते.

सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे निदान झाले तेव्हा माझ्या हाती स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून करायच्या तपासणीचा, कागद होता. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा आणि एकूण फुंकलेली हवा यांचे गुणोत्तर ०.७ च्या खाली, म्हणजे श्वासनलिकांत अडथळा, हे तुम्ही समजावलेत. मग विचारलेत, "धाप लागली की काय करता?" मी म्हणालो, "जोरजोरात श्वास घेतो." दुसरे कोण काय करणार? तुम्ही म्हणालात, "काका, लिफ्ट गच्च भरलीय. आधी आतल्यांना उतरू द्या."

फुप्फुसांचा लवचिकपणा गेला की श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि जुनी हवा आत अडकते. छातीखालचा पडदा तिच्या दाबाने सपाट होतो, त्याला जोर लावता येत नाही. घाईने श्वास घेतला की सोडायला वेळ आणखी कमी, म्हणून धाप आणखी वाढते. आजवर सगळे 'दीर्घ श्वास घ्या' म्हणत आले. सोडा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या. नाकाने दोन मोजेपर्यंत आत, ओठांचा चंबू करून चार मोजेपर्यंत बाहेर. चंबूमुळे आत थोडा दाब टिकतो आणि नळ्या उघड्या राहतात. जिन्यावर पाऊल उचलायचे तेही श्वास सोडतानाच. आता मी मधल्या वळणावर थांबतो खरा, पण घाबरत नाही.

त्याहून मोठे ऋण ऑक्सिमीटरचे. चालून धापा टाकत असताना तुम्ही तो बोटाला लावलात आणि आकडा दाखवलात: ९३ टक्के, म्हणजे ऑक्सिजन पुरेसा. धाप लागणे वेगळे आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होणे वेगळे, हे त्या क्षणी पटले. घरी ऑक्सिजनचे मशीन आणण्याचा हट्ट मी तिथेच सोडला. ज्यांना स्वस्थ बसूनही ऑक्सिजन खूप कमी पडतो त्यांना तो दिवसातून किमान १५ तास घ्यावा लागतो. आणि आमच्यापैकी काहींना गरजेपेक्षा जास्त दिला तर अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, हेही तुम्ही सांगितलेत.

इन्हेलरचे तंत्र, स्टेरॉइडनंतरची चूळ, फ्लूची लस: सगळे चालू आहे. कफाचा रंग बदलला की वाट न बघता डॉक्टरांना कळवतो.

आणि खोटी आशा दाखवली नाहीत, त्याबद्दलही आभार. "फुप्फुसे पूर्ववत होणार नाहीत, पायांचे स्नायू मात्र नक्की सुधारतील," असे स्वच्छ सांगितलेत. पायांत ताकद आली की तेवढ्याच चालण्याला हवा कमी लागते, याचा अनुभव आता रोज घेतो. दहापैकी तीन-चार इतकी धाप चालेल, या तुमच्या मापानेच फिरतो.

एक विनंती आहे. पुढच्या तुकडीत घरच्यांसाठीही एक तास ठेवा. आम्हाला खुर्चीला खिळवतात ते बहुतेक वेळा प्रेमानेच. मी उठलो की मुलगा अजूनही म्हणतो, "बाबा, तुम्ही बसा, मी आणतो." तारीख ठरली की कळवा, त्याला मी स्वतः घेऊन येतो.

तुमचा,
मागच्या तुकडीतला एक काका