रक्तात गेलेलं औषध सगळीकडे पोचत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘गोळी गिळल्यावर काय होतं’ हे सांगणारी चित्रं छापून आली. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून सर्वांगात असे लाल बाण त्यांत काढले होते. चित्रं सुबक होती, पण त्यांतून होणारा समज चुकीचा आहे. औषधशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आतडं, यकृत, मूत्रपिंड, मेंदू आणि गर्भारपणात वार, या प्रत्येक ठिकाणी औषधाची अडवणूक होते. लहान आणि चरबीत विरघळणारे रेणू पेशीच्या पटलातून आपले आपण झिरपतात, हे खरं. पण बऱ्याच औषधांच्या बाबतीत आत किती जाणार आणि बाहेर किती फेकलं जाणार, हे त्या पटलात रुतून बसलेली वाहक प्रथिनं ठरवतात. काही आत ओढणारी, काही बाहेर ढकलणारी. बाहेर ढकलणाऱ्यांत सगळ्यात नावाजलेलं पी-ग्लायकोप्रोटीन. जुलियानो आणि लिंग यांनी १९७६ मध्ये ते हॅमस्टरच्या अशा पेशींत दाखवलं, ज्या कोल्चिसिन या विषारी औषधाला दाद देईनाशा झाल्या होत्या. एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून हा पंप औषधाला पटलातच पकडतो आणि बाहेर टाकतो. पाहुण्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवावं, तसं.

हा पंप काय करतो हे तो नसताना कळलं, तेही अपघाताने. ॲमस्टरडॅमच्या कर्करोग संशोधन संस्थेत या पंपाचं एक जनुक काढून टाकलेले उंदीर वाढवले होते. दिसायला धडधाकट, पिल्लंही होत होती. मग उंदरांच्या खोलीत गोचिडीसारखे बारीक कीटक झाले आणि नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं गेलं. साध्या उंदरांना काही झालं नाही. पंप नसलेले जवळजवळ सगळे मेले. तपासलं तर त्यांच्या मेंदूत साध्या उंदरांच्या ऐंशीपटीहून अधिक आयव्हरमेक्टिन साचत होतं. १९९४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आयव्हरमेक्टिन सस्तन प्राण्यांना एरवी सोसतं, त्याचं मोठं कारण ते मेंदूत शिरत नाही हे आहे. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत या जनुकाचा एक तुकडा जन्मतःच गळालेला असतो, म्हणून पशुवैद्य त्यांना हे औषध जपून देतात.

जुलाबावरचं लोपेरामाइड घ्या. ते अफूच्या गटातलं औषध आहे, पण नेहमीच्या मात्रेत नशा होत नाही, कारण हाच पंप त्याला मेंदूबाहेर ठेवतो. पंप बंद पाडणारं क्विनिडिन सोबत दिलं तेव्हा निरोगी माणसांतही श्वासावर परिणाम दिसला. (लोपेरामाइडच्या मूठभर गोळ्या खाण्याचे प्रयोग काही जण करतात, त्यांच्या हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते.)

मूत्रपिंडातली वाहक प्रथिनं तर पेनिसिलिनच्या मुळावरच उठली होती. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन टोचलं, तेव्हा ते लघवीवाटे इतक्या झपाट्याने निघून जाई की त्याचीच लघवी गोळा करून त्यातून औषध परत काढावं लागलं. तो सुधारू लागला होता, पण साठा संपला आणि तो गेला. रक्तातून पेनिसिलिन उपसून लघवीत टाकणाऱ्या या प्रथिनांना रोखायला पुढे प्रोबेनेसिड आलं. ते सोबत दिलं की पेनिसिलिन रक्तात जास्त वेळ टिकतं.

आता रोजच्या व्यवहारातलं. दोन औषधं एकमेकांना बाधली की वर्तमानपत्रं एकच कारण देतात: यकृतातली विकरं, म्हणजे औषध मोडणारी प्रथिनं. पण डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध यकृतात फारसं मोडतच नाही, बहुतांश जसंच्या तसं मूत्रपिंडातून जातं. तरी सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक सुरू झालं की त्याची रक्तातली पातळी वाढते, कारण त्याला बाहेर टाकणारा पंप अडतो. डिगॉक्सिनच्या बाबतीत उपयोगी आणि विषारी पातळी यांत अंतर फार थोडं, म्हणून हे गंभीर. उलट क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आतड्यात हाच पंप वाढवतं आणि डिगॉक्सिनची तीच गोळी तोकडी पडू लागते. अशा वेळी रुग्णाला ‘तुम्ही गोळ्या वेळेवर घेत नाही’ म्हणून झापलेलं मी ऐकलं आहे, आणि मला त्याचा राग येतो.

फळांच्या रसाचंही तसंच. ग्रेपफ्रूटच्या रसाने औषधाचं प्रमाण वाढतं एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. ॲलर्जीवरच्या फेक्सोफेनाडिनचं मात्र उलटं होतं. ग्रेपफ्रूट, संत्रं, सफरचंद यांचे रस आतड्यातल्या आत ओढणाऱ्या प्रथिनाला अडवतात आणि औषध कमी शोषलं जातं. ही गोळी पाण्याबरोबरच घ्यायची.

पार्किन्सन्सचे रुग्ण हे सगळं जगत असतात. त्यांच्या मेंदूत कमी पडणारं डोपामिन बाहेरून दिलं तर मेंदूत शिरत नाही, म्हणून आत जाऊन ज्याचं डोपामिन होतं ते लेव्होडोपा देतात. ते अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून आत जातं. प्रथिनं भरपूर असलेल्या जेवणानंतर त्याच वाहकासाठी अन्नातली अमिनो आम्लंही रांगेत असतात आणि काही रुग्णांना गोळी लागूच पडत नाही. गोळी जेवणाआधी घ्या असं डॉक्टर का सांगतात, हे कारणासकट कळलं तर माणूस ते पाळतो, असा माझा अनुभव आहे.

पंप बंद पाडून कर्करोगाच्या पेशींत औषध कोंडण्याचेही बरेच प्रयत्न झाले, पण फारसे फळले नाहीत. तोच पंप निरोगी अवयवांनाही राखत असतो, हे त्यामागचं एक कारण.

औषध परस्परक्रियांच्या तपासणीचे आंतरराष्ट्रीय निकष २०२४ मध्ये ठरले. त्यांत विकरांबरोबर वाहक प्रथिनांनाही स्वतंत्र जागा आहे. या तपासण्यांतून निघालेल्या सूचना माहितीपत्रकात छापल्या जातात, पण इतक्या बारीक अक्षरांत आणि अशा भाषेत की घडी उलगडून कोणी वाचत नाही. दर आठवड्याला एक औषध घेऊन त्याचं माहितीपत्रक वाचकांना समजावणारं सदर आपण सुरू करावं. लिहायला मी तयार आहे, मानधन नको. फक्त चित्रं काढणाऱ्यांशी आधी एकदा बोलू द्यावं.

आपला,
औषधशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक