पेल्यातला स्वर, टाळीतली मात्रा

संपादक महोदय,

पहिली-दुसरीला भाषा, संगीत, विज्ञान यांच्या भिंती हव्यात कशाला? ४ सारखे काचेचे पेले घ्या, कमी-जास्त पाणी भरा, चमच्याने काठाला हलकेच वाजवा. पाणी वाढलं की स्वर उतरतो, कारण काचेसोबत पाण्यालाही थरथरावं लागतं. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली तर उलटं: पाणी वाढलं की आतली हवा आखूड होते, स्वर चढतो. घोळ इथेच होतो. दोन्ही प्रयोग एकाच तासाला नकोत. घरात पितळी वाट्या असतील, तर त्याही चालतील. (प्लॅस्टिक नुसतं खटखटतं.)

मात्रा (अक्षर उच्चारायला लागणारा वेळ; ऱ्हस्वाला १, दीर्घाला २) टाळ्यांनी मोजाव्यात : ‘नदी’ १+२, ‘पाणी’ २+२. ‘कमळ’ १+१+१, पण मुलं दोनदाच टाळी देतात. बोलताना शेवटचा ‘अ’ गळतो. त्यावर लाल शाई नको.

– एक प्राथमिक शिक्षक, पंचवटी, नाशिक