२७ फेब्रुवारीला तीन शाळा, जुलैत एकही नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिनाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात मुंबईतल्या शाळांचे फोटो आले होते, त्यातल्या एका फोटोत डावीकडून तिसरी, शाल गुंडाळलेली आणि डोळे मिटलेली जी बाई आहे ना, ती मी. झोपले नव्हते हो, फ्लॅश पडला. पण झोप आली असती तरी नवल नव्हतं, कारण त्या दिवशी सकाळी आठला मुलुंड, अकराला घाटकोपर, साडेतीनला दादर आणि संध्याकाळी लालबागला एका मंडळाचा कार्यक्रम, असे चार ठिकाणी माझे सत्कार झाले आणि चारही ठिकाणी मिळून मुलांशी मी बोलले असेन जेमतेम पंचवीस मिनिटं.

मी लहान मुलांसाठी लिहिते, बावीस वर्षं झाली. आधी बँकेत होते, तेव्हा रजा टाकून शाळांत जायचे, आता रिटायर झालेय म्हणून लोकांना वाटतं ही काय मोकळीच आहे. मला जायला आवडतं, खोटं कशाला बोलू. स्टेजवर बसायलाही आवडतं. तक्रार तारखांची आहे.

आम्हा बालसाहित्यवाल्यांना वर्षातले ठरावीक चार-पाच दिवसच लोक बोलावतात. २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. (बॅनरवर अजूनही निम्म्या ठिकाणी "राजभाषा दिन" छापतात, तो १ मेला असतो, पण आता सांगून सांगून दमले.) मग १४ नोव्हेंबर बालदिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २ एप्रिल जागतिक बालपुस्तक दिन. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही फोन यायला लागलेत. आता कुठल्याही आईला विचारा या तारखांना मुलांचं काय चालू असतं. ऑक्टोबरात सहामाही, एप्रिलमध्ये वार्षिक, बालदिन कधीकधी दिवाळीच्या सुट्टीतच येतो, २०२३ ला तर बरोबर पाडव्याला आला होता. आणि दहावीची परीक्षा पूर्वी मार्चमध्ये असायची, २०२५ ला ती २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, म्हणजे जी शाळा परीक्षेचं सेंटर असते तिथे २७ तारखेला अर्धे वर्ग बंद, आवाज करायचा नाही, आणि आम्ही मागच्या पॅसेजमध्ये मराठीचा गौरव करतोय.

यावेळच्या एका शाळेचं सांगते, नाव नको. मुलं सात वाजल्यापासून पटांगणात बसलेली, ग्रंथदिंडी झालेली, कोणी जिजाऊ, कोणी वासुदेव. पहिल्या रांगेत तिसरीतला एक तुकाराम होता, कापसाची दाढी डिंकाने चिकटवलेली आणि घामाने ती सुटत चाललेली, तर तो एका हाताने दाढी धरून आणि दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याची वीणा धरून बसला होता, मधेच बाईंना म्हणाला पाणी, बाई म्हणाल्या पाहुणे येऊ देत. पाहुणे म्हणजे मी नव्हे, मी कधीच येऊन बसले होते. जे यायचे होते ते पन्नास मिनिटं उशिरा आले, त्यांचं भाषण झालं, ट्रस्टींचं झालं, मग मला हळूच चिठ्ठी आली, "मॅडम, ८ मिनिटं". मी गोष्ट अर्धीच सांगितली. तुकारामाची दाढी तोवर मांडीवर आली होती. वीस पुस्तकं पिशवीतून नेली होती, ती वीसच्या वीस परत आणली, वर शाल, मोमेंटो आणि नारळ. नारळाचं बरं असतं, घरी वड्या होतात, शालींचं काय करायचं ते कळत नाही, सध्या कपाटात एकतीस आहेत.

पैशाचं बोलायला आपल्याकडे लाजतात पण मी बँकेतली आहे. साठ रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के रॉयल्टी धरली तर मला मिळतात सहा रुपये. रिक्षात बसलं की मीटर २६ वर, ते पण पहिल्या दीड किलोमीटरचे. म्हणजे स्टेशनपासून शाळेपर्यंत जायला पाच पुस्तकं खपायला पाहिजेत, आणि यायला आणखी पाच. मंडपवाल्याला, साउंडवाल्याला, फुलवाल्याला कोणी सांगत नाही की मराठीची सेवा समजून या, ते मलाच सांगतात.

आता दुसरं सांगते, म्हणजे मी नुसती कुरकुर करत नाहीये हे कळेल. मागे एकदा जुलैत महापालिकेच्या शाळेतल्या एका बाईंचा फोन आला, म्हणाल्या सहावीचा एकच वर्ग आहे, चौतीस मुलं, दोन तासिका देते, कार्यक्रम वगैरे काही नाही. गेले. धो धो पाऊस, छत्र्या वर्गातच मागे वाळत घातलेल्या, सगळीकडे ओला वास. बाईंनी माझं एक पुस्तक दोन आठवडे रोज थोडं थोडं वाचून दाखवलं होतं (एकच प्रत होती, बाकी झेरॉक्स, त्याबद्दल प्रकाशकाला सांगू नका). खुर्चीत बसते न बसते तोच खिडकीजवळची एक मुलगी उठली आणि म्हणाली, तुमच्या गोष्टीतला मुलगा ठाण्याहून फास्टने येतो आणि विद्याविहारला उतरतो, फास्ट विद्याविहारला थांबतच नाही.

मी म्हटलं अगं गोष्ट आहे ती. तर म्हणे गोष्ट असली म्हणून काय झालं, माझी आई रोज तिथूनच चढते, त्याने घाटकोपरला उतरून स्लो पकडायला पाहिजे होती. मागून एक मुलगा ओरडला, सिग्नल लागला तर थांबते, तेव्हा उडी मारली असेल. झालं, वर्गाचे दोन गट पडले, उडी मारणारा हिरो चालेल का नाही, त्याची आई काय म्हणेल, पोलीस पकडतील का, दहा मिनिटं नुसता गोंधळ आणि बाई शांतपणे बघत उभ्या. बावीस वर्षांत माझ्या पुस्तकाची एवढी कसून चर्चा कुठल्या समीक्षकाने केलेली नाही. दुसऱ्या आवृत्तीत मी त्याला घाटकोपरला उतरवला. आवृत्ती निघायला सहा वर्षं लागली, ती मुलगी तोवर कॉलेजला गेली असेल.

शिक्षकांना दोष देत नाहीये मी. वरून परिपत्रक येतं, दिवस साजरा करा, फोटो पाठवा, त्या बिचाऱ्यांना आधीच इलेक्शनची कामं, सर्वेची कामं, आणि फोटो तर स्टेजचाच चांगला येतो, वर्गातल्या चौतीस मुलांच्या भांडणाचा फोटो काय पाठवणार. आणि आमचंही चुकतंच, चार ठिकाणी हो म्हणणारी मीच ना. पण शाळांनी एवढं करून बघावं, की २७ तारखेला झेंडे, दिंडी, लेझीम जे काय करायचं ते जोरात करा, आम्हाला त्यात घालू नका. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की जुलै-ऑगस्टमध्ये एका वर्गात बोलवा, आधी एखादं पुस्तक वाचून ठेवा, कोणाचंही, आणि शाल-बुके-मोमेंटोच्या पैशात त्याच्या दहा प्रती घेऊन वर्गातच ठेवा, ऑफिसच्या कपाटात नको, त्याची चावी नेहमी रजेवर असलेल्या क्लार्ककडे असते.

माझ्या डायरीत जुलै अजून पूर्ण कोरा आहे. सेंट्रल लाइनला कुठेही येईन, वेस्टर्नला पण येईन, दादरला गाडी बदलायला लागते एवढंच. हाउसिंग सोसायटीवाल्यांनी बोलवायचं असेल तर रविवार चालेल पण आधी मेगाब्लॉक बघून घ्या. आणि पाऊस फारच असला तर सकाळी सातच्या आत एक फोन करा, मी सव्वासातला घरातून निघते.

आपली,
एक बालसाहित्यकार, भांडुप