हिवाळी हेदरची छाटणी वेळेवर व्हावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास इंग्लंडमधील मराठी घरांत हिवाळी हेदरच्या, म्हणजे हिवाळ्यात फुलणाऱ्या एका बुटक्या झुडपाच्या, कुंड्या हौसेने आणल्या जातात आणि दोन-तीन वर्षांत त्यांची नुसती काटकी उरते, हे डर्बीशायरमध्ये राहताना मी वारंवार पाहिले आहे. दोष थंडीचा नाही, कारण हे हेदर, म्हणजे 'एरिका कार्निया', हे मूळचे आल्प्सच्या उतारांवर वाढणारे झुडूप आहे. बहुतेक वेळा घात होतो तो अवेळी चालवलेल्या कात्रीने.

हे झुडूप साधारण डिसेंबर ते एप्रिल फुलते, पण त्याच्या कळ्या आधीच्या उन्हाळ्यातच धरतात. शरद ऋतूत फांदी हातात घेऊन पाहिले, तर सुईसारख्या पानांच्या बगलेत तांदळाच्या कणीएवढ्या फिकट हिरव्या कळ्या दिसतात. मी एकदा ऑक्टोबरात बाग आवरताना त्या न पाहताच झुडूप गोल कापले आणि त्या हिवाळ्यात एकही फूल पाहिले नाही. पुढे त्याला आकार द्यावा म्हणून उघड्या लाकडापर्यंत छाटले, तेव्हा ते गेलेच, कारण जुन्या खोडातून सहसा नवी फूट येत नाही. म्हणून फुले सुकताच, एप्रिलमध्ये, हिरवी पालवी राखून फक्त शेंडे छाटावेत.

हेदरला आम्लधर्मी मातीच लागते, असे सरसकट सांगितले जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या 'कलूना' या हेदरपुरते ते खरे आहे; कार्निया आणि आमच्याच डर्बीशायरमधील डार्ली डेल या गावाचे नाव मिरवणारा 'डार्लेयेन्सिस' हा संकर मात्र चुनखडीची माती सोसतात. त्यांच्यासाठी दलदली खणून काढलेले पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची आम्लधर्मी माती, विकत आणण्याची गरज नाही. भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी माती पुरते. रोप लावताना मुळांचा घट्ट गड्डा भिजवून हलकेच मोकळा करावा, खालची पाने मातीला टेकतील इतके खोल लावावे, दोन रोपांत 30 ते 40 सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि पहिल्या उन्हाळ्यात पाणी चुकवू नये.

फेब्रुवारीत जरा ऊन पडले की भुंग्यांच्या राण्या या फुलांवर येतात. त्या दिवसांत त्यांना बागेत दुसरे फारसे काही मिळत नाही.

ज्यांचे झुडूप आधीच काटकुळे झाले आहे, त्यांनी ते उपटण्यापूर्वी वसंतात एखादी खालची फांदी वाकवून मातीत दाबावी आणि वर दगड ठेवावा. साधारण वर्षभरात तिला मुळे फुटतात आणि ती वेगळी करून लावता येते.

आपला,
एक वाचक, डर्बीशायर