अक्का, तुम्ही आमच्या आण्णांना पगार दिलात

आदरणीय अक्का,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं स्टेशनवर निघताना तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. घरी आल्यापासून तीन-चार वेळा फोन लावला, पण तुमचा आवाज आला की माझा घसा दाटून येतो, आणि तुम्ही "मामा जेवतात ना नीट?" एवढं विचारून फोन ठेवता. आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तुम्ही मामाच म्हणता. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय, कारण हरवलेल्या आण्णांना सोलापूरच्या माणसांनी सांभाळलंय आणि ते सोलापूरला कळलं पाहिजे.

आमचे आण्णा एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत चादरीच्या मागावर होते. कान गेले ते खटखटाटानं गेले. मला पुण्यात नोकरी लागली, हडपसरला घर झालं, आणि मी आई-आण्णांना इकडे आणलं. पुढं आण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग रस्ता, मग माझं नाव. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. डिसेंबरात एका दुपारी आई दळण आणायला खाली गेली आणि आण्णा चप्पल घालून बाहेर पडले.

आता वाटतं की पायांनी ओळखीची वाट धरली असणार. संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस, जिच्यानं ते मला भेटून कितीदा सोलापूरला परत गेले, ती रात्री दहाच्या सुमाराला सोलापुरात पोचते. आम्ही मात्र पुणं पालथं घालत होतो. स्वारगेट, मंडई, आळंदी, देहू. दवाखान्यांची शवागारंसुद्धा. बहात्तर दिवस.

त्या दिवसांत भेटलेल्या काही माणसांबद्दल लिहिल्याशिवाय मला तुमच्याबद्दल लिहिता येणार नाही, अक्का. एका चौकीत मला सांगितलं, "म्हातारी माणसं जातात आणि येतात, दोन दिवस वाट बघा." दोन दिवसांनी गेलो तर तेच टेबल, तेच उत्तर. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलंय की असा आजारी माणूस भटकताना दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं आणि चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. स्मृतीचा आजारही त्यात धरलाय. हे मला नंतर एका वकील मित्रानं सांगितलं. तेव्हा माहीत असतं तर त्या टेबलापुढून मी हललो नसतो.

तुमच्याकडं सोलापुरातही तेच झालं म्हणे. आण्णांच्या टाचेला जखम होऊन पू धरला होता, तेव्हा तुमच्यातला रिक्षावाला भाऊ त्यांना एका दवाखान्यात घेऊन गेला. "पेशंटबरोबर कोण आहे?" "मी आहे." "तुम्ही नात्यातले का?" "नाही." "मग नातेवाईक घेऊन या." एका आश्रमानं आधारकार्ड मागितलं. ज्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही त्यानं आधारकार्ड कुठून आणायचं?

आणि तो फोटो. शोधताना मला मोबाईलवर एक फोटो सापडला, संक्रांतीच्या सुमाराचा, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीतला. सहा जण ओळीनं उभे, मागं बॅनर, मधे आमचे आण्णा, हातात एक केळं. सहा जणांचे हात त्या एका केळ्याला लागलेले. फोटो हजारो लोकांनी बघितला असेल, पण त्या सहातल्या एकानंही "बाबा, कुठले तुम्ही?" असं विचारलेलं नाही. विचारलं असतं आणि चार जणांना कळवलं असतं तर तीन-चार आठवडे आधी ते घरी आले असते. मला त्यांचा राग येतो आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

आता तुमच्याकडं येतो.

पार्क चौकात चार पुतळ्यापाशी तुमची मंडळी रस्त्यावरच्या माणसांसाठी जेवण घेऊन रोज रात्री साडेआठला येते. मी तुमच्याबरोबर तीन रात्री फिरलो, म्हणून बघून लिहितोय. तुमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या बायका घरटी दोन भाकऱ्या देतात. दिवसभर मांडीवर सूप घेऊन पानं कातरायची, तंबाखू भरायचा, हजाराच्या हिशोबानं मजुरी मिळवायची, आणि त्यातून दोन भाकऱ्या काढायच्या. नव्या पेठेतला एक दुकानदार चादरी देतो. "डॅमेज पीस काढून ठेवलाय" असं एकदा नोकर म्हणाला, तर त्यानं तो गठ्ठा आत ठेवायला लावून नवा फोडला, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमचे डोळे चमकत होते. एक न्हावी रविवारी सकाळी पेटी घेऊन येतो, दाढी करतो, नखं काढतो. पायाची नखं वाढून आत वळली की माणसाला चालता येत नाही, हे मला त्याच्याकडून कळलं.

आण्णांना दात नाहीत. पाकिटातली पुरी त्यांना चावत नव्हती, म्हणून पाकिटं तशीच पडून राहायची आणि लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला माज आलाय. भाकरी आमटीत कुस्करून दिली ती तुम्ही.

तुम्ही मला एक वाक्य ऐकवलंत, ते कानातून जात नाही. "पोटाला एक वेळ कुणीबी देतंय, पण सकाळी उठून संडासला कुठं जायचं, हे कोण विचारतंय ओ?" मग कळलं की स्टेशनजवळच्या एका सुलभवाल्याला तुमची मंडळी महिन्याचे पैसे भरते, म्हणजे चौकातल्या माणसांना तो अडवत नाही. वर्गणी देणाऱ्यांत एक शाळामास्तर आहेत, ते फक्त याचेच पैसे देतात आणि पावती मागत नाहीत. संडासाला दान देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न म्हटलं, बेघराला आसरा म्हटलं, आणि स्वतः खराटा हातात घेतला. त्यांच्या पुण्यतिथीला हार घालणारे मी खूप बघितलेत. खराट्याच्या बाजूनं चाललेली माणसं तुमच्यात दिसली.

पण मला लिहायचंय ते सुताबद्दल.

तुम्ही आण्णांना पहिल्यांदा चादर दिलीत त्या रात्री त्यांनी ती अंगावर घेतली नाही. उलटी केली, काठ चिमटीत धरला आणि दिव्याकडं धरून बघितला. मग एक सुटलेला धागा सापडला, तो तोडला नाही, दुसऱ्या धाग्याला गाठ मारून बसवला. चिमटीत फिरवून एका झटक्यात मारायची ती गाठ. चौकात वीस माणसं जेवत होती, गडबड होती, तरी तुमची नजर त्या बोटांवर गेली. तुमचे वडीलही मागावर होते. तुम्ही खाली बसलात आणि मराठीत विचारायचं सोडून तेलुगूत विचारलंत, "अन्नम तिन्नारा?" जेवलात का?

तीन आठवडे कुणाशी न बोललेले आण्णा म्हणाले, "तिन्नानम्मा." जेवलो, बाई.

आमच्या घरात कुणाला तेलुगू येत नाही. आण्णांनी ते कारखान्यात, पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर मित्रांच्या संगतीत उचललेलं, जेवणाच्या सुट्टीत डबे वाटून खाताना. मुलाचं नाव गेलं आणि ते राहिलं. याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण त्याच धाग्यावर ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या कारखान्यातून तुटक्या सुताची मूठभर गुंतवळ आणलीत. जी एरवी कचऱ्यात जाते ती. त्यांच्या पुढ्यात ठेवलीत आणि म्हणालात, "मामा, एवढं जोडून द्या की, कारखान्यात पाहिजे." आण्णा रात्री उशिरापर्यंत गाठी मारत बसले. दुसऱ्या संध्याकाळी गुंडाळा करून, तुमची वाट बघत, त्याच जागी. तिसऱ्या दिवशीही. त्याआधी ते सात रस्त्यापर्यंत भटकत जायचे, एकदा विजापूर रोडला सापडले होते. काम लागल्यापासून त्यांनी चौक सोडला नाही. म्हणून तर मी आलो तेव्हा ते तिथं होते.

आणि शनिवारी तुम्ही त्यांच्या हातात दहाची नोट ठेवलीत. "मामा, आठवड्याचा पगार." तुम्हाला ते एवढंसं वाटलं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, "काम केल्यावर द्यायला नको होय?" ती गुंतवळ कुणाला नको होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण आण्णांनी ती जोडली होती, तर पगार द्यायचाच.

फोटो तुम्हीही काढलात. पण आधी न्हाव्याकडून दाढी करून घेतलीत, केस विंचरलेत, सदऱ्याचं वरचं बटण लावलंत. कुठं टाकला नाहीत. साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड, एकेका कारखान्याच्या दारात जाऊन जुन्या लोकांना दाखवलात. कुणी म्हणालं, ओळखीचा वाटतो. कुणी हाकललं. शेवटी एका म्हाताऱ्या मुकादमानं फोटो हातात घेतला आणि म्हणाला, "ह्यो आमच्या चार नंबर मागावरचा." तिथून माझ्या चुलतभावाचा नंबर, तिथून मी.

मी रात्री पोचलो. तुम्ही लांबच उभ्या राहिलात, मला एकट्याला पुढं जाऊ दिलंत. आण्णा चादरीवर बसून गाठ मारत होते. मी समोर बसलो. त्यांनी मला ओळखलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. थोड्या वेळानं त्यांनी खिशात हात घातला आणि घडी घातलेल्या नोटा काढल्या. दहाच्या सहा. सात शनिवार झाले होते, एक चहात गेली असेल. त्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "पगार झालाय. आईला दे."

माझ्या लहानपणी दर आठवड्याला ते हेच म्हणायचे. अगदी हेच. मी दारात उभा असायचो.

अक्का, लोक म्हणतात तुम्ही आण्णांना जेवण दिलं, अंथरूण-पांघरूण दिलं, घरी पोचवलं. ते सगळं खरं आहे आणि त्याचे आभार कुठल्या शब्दात मानू कळत नाही. पण मला सर्वांत मोठं वाटतं ते हे की बहात्तर दिवस रस्त्यावर राहिलेला माझा बाप मला भेटला तेव्हा तो घरी पैसे देणारा माणूस होता. भिकारी झालेला नव्हता. तेवढं तुम्ही होऊ दिलं नाहीत.

लहानपणी मी दासोह हा शब्द ऐकला तो सोलापुरातच. आलेल्याला बसवून वाढायचं, आपण सेवक म्हणून. सिद्धरामेश्वरांच्या गावात तो शब्द देवळाच्या पंगतीत दिसतो, आणि चांगलाच आहे. तुमच्या चौकात तो पाटाशिवाय दिसला. सरकारी नियम सांगतो की शहरात लाखभर लोकांमागं शंभर माणसांचा निवारा पाहिजे, बारा महिने, दिवसरात्र उघडा. 2011 च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं. हिशोब कुणीही करावा, आणि तो मागायलाही पाहिजे, मी मागणार आहे. भाकरी-आमटीची पातेली घेऊन उभ्या राहणाऱ्या दहा-बारा जणांनी सगळं ओढायचं, हे बरोबर नाही. पण निवारा बांधून झाला तरी त्यात बोटांकडं बघणारं कुणीतरी लागेल.

आण्णा आता घरी आहेत. टाच भरून आली. आईनं त्या सहा नोटा देवघरात ठेवल्यात, कुणाला हात लावू देत नाही. तुम्ही दिलेली पिशवीभर गुंतवळ मागच्या आठवड्यात संपली, म्हणून माझी मुलगी बाजारातून रिळं आणून आधी स्वतः तोडते आणि मग आजोबांना जोडायला देते. शनिवारी पगार आई करते. परवा ती देवळात गेली आणि उशीर झाला, तर आण्णा दाराकडं तोंड करून बसून राहिले, जेवायला उठले नाहीत. ती आल्यावर नोट घेतली, कपाळाला लावली आणि परत तिच्याच हातात दिली.

चौकातल्या त्या पांढऱ्या दाढीच्या बाबांना, जे आण्णांच्या शेजारी झोपायचे, सांगा की मी त्यांच्यासाठी चष्मा करून घेतोय. नंबर तुमच्या त्या शिकाऊ डॉक्टर पोरानं पाठवलाय. रिक्षावाल्या भावानं माझ्याकडून भाडं घेतलं नाही, त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आणि महिन्याच्या वर्गणीत माझं नाव घाला. कशाला ते शाळामास्तरांना विचारा, जे कमी पडतंय त्याला.

गाडीत बसताना तुम्ही शेंगा चटणीचा जो स्टीलचा डबा दिलात, तो आमच्याकडंच राहिलाय. त्यावर तुमच्या आईचं नाव कोरलंय, म्हणजे तो परत आलाच पाहिजे. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी आण्णांना घेऊन येतोय. आई विचारतेय डब्यात काय घालू, रिकामा ती पाठवणार नाही. तुम्हाला गोड चालतं का, तेवढं कळवा.

आपला,
चार नंबर मागावरच्या आण्णांचा थोरला मुलगा